आयरीन आंटीचे दोन चमचे

आयरीन आंटीचा ख्रिसमस ऑगस्टमध्येच सुरू व्हायचा. खरंच! बाहेर गणपतीचे मांडव उभे राहत असायचे आणि ही बाई स्वयंपाकघरात मनुका, खजूर, संत्र्याची साल बारीक चिरून रममध्ये बुडवत बसलेली.

सोलापूर स्टेशनामागच्या आमच्या गल्लीतली ही एकटी अँग्लो-इंडियन. नवरा रेल्वेत गार्ड होता, तो कधीच गेला. मुलं ऑस्ट्रेलियात. गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा फ्रॉक, पायात रबरी स्लिपर, आणि बोलणं म्हणजे सगळ्याची मिसळ. "काय मॅन, तोंड कशाला सुकलंय? बस की, बॉल करी खा." बॉल करी म्हणजे खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा, सोबत नारळाच्या दुधातला पिवळा भात. रविवारी मी घरी अभ्यासाचं नाव सांगायचे आणि तिथंच पडीक.

तर केक. डिसेंबरात दुसरी बरणी यायची, नुसत्या संत्र्याच्या रसातली. ती गल्लीसाठी. शेजारच्या शमीम चाची, समोरचे माळकरी अण्णा, सगळ्यांचा बिनअंड्याचा केक त्यातला. रमवाला फक्त चर्चमधल्या लोकांना. रमच्या चमच्याला लाल दोरा बांधलेला. मला लई हसू यायचं त्या दोऱ्याचं. तर म्हणायची, "माझ्या हातचं खाताना यात काय घातलंय असं इथं कुणी विचारत नाही मॅन. म्हणून मीच बघायचं."

गेल्या वर्षी तिचा हात दुखत होता म्हणून बरण्या ढवळायचं काम माझ्याकडे. माझ्या एका हातात मोबाईल. रमची बरणी ढवळली आणि तोच चमचा दुसरीत घातला. लाल दोरा दिसला तेव्हा ढवळून झालं होतं.

लगेच सांगितलं, तेवढं एक बरं केलं. पण वर म्हटलं की एवढ्याशानं काय होतंय, भट्टीत उडून जाईल की. आंटी ओरडली नाही. बरणीकडे बघत म्हणाली, "जाईल उडून. पण मला माहीत राहील ना."

नाताळ परवावर, बेकरीवाल्यानं भट्टी दिलेली ती त्याच संध्याकाळची, नवी बरणी भरायला वेळच नव्हता. दोन्ही बरण्या चर्चच्या केकमध्ये गेल्या. गल्लीसाठी तिनं दुखऱ्या हातानं कुलकुल केले, काट्याच्या पाठीवर वळून तळलेले, शंकरपाळ्यासारखे गोड.

शमीम चाचीनं ताटावरचा रुमाल उचलून पाहिला. "इस साल हमारे वास्ते केक नै, आंटी? चर्चवालों को तो मिला बोलते."

आंटी हसली. "म्हातारी झाले मॅन. जमलं नाही."

मी शेजारीच उभी. माझं तोंडच उघडलं नाही. आता आंटी माझ्याकडे बघणार असं वाटलं. बघितलंच नाही.

फेब्रुवारीत आंटी झोपेतच गेली. दफनाला अख्खी गल्ली होती. परत येताना चाची म्हणाली की शेवटचा केक काही आंटीनं दिला नाही, का ते कळलं नाही. मला तरी कुठं कळलंय? तिनं माझं नाव का नाही सांगितलं? मला सांभाळून घेतलं, की वाट बघत होती मी बोलायची? आणि बघत असेल तर विचारलं का नाही? अजून डोक्यात हेच चालू असतं.

यंदा मी केक केला. रसातलाच. घरात रमचा थेंब नाही तरी नवा चमचा आणला. चाचीकडे नेला आणि दारातच सगळं सांगून टाकलं, एका दमात. तिनं तुकडा उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबली.

"इसका चम्मच अलग था ना, बेटा?"

हो म्हटलं. तिनं खाल्ला.

आंटीला हे कुणी कधीच विचारलं नव्हतं.