बेबीचा डबा

११ मार्च २०२५, मंगळवार. नळ सव्वासहाला आला, पाऊण तास होता. गव्हाला ऊन दिलं, सोंडे निघाले. आर्याचं पार्सल पुण्याहून आलं: रातकिड्यांची पूड, अर्धा किलो. मंगळवार म्हणून उघडलं नाही.

हिंदी मुलखातल्या चेरीतालच्या घरात संध्याकाळी दिवा लावला की अंजनीबाई देवपुजारी अशा चार ओळी लिहीत. कॉन्व्हेंटात सिस्टरने लावलेली ही सवय अठ्ठ्याहत्तरी आली तरी सुटली नव्हती. सिस्टरचे नियम दोनच: दिवस संपायच्या आत लिहायचं, आणि लिहिलेलं खोडायचं नाही. यजमान दिवाकरराव गेले त्या दिवशीसुद्धा त्यांनी लिहिलं होतं.

आर्या ही त्यांची नात. शेळी-कोंबडीपेक्षा कितीतरी कमी पाण्यात आणि चाऱ्यात रातकिडे वाढतात, भाजून दळले की भरपूर प्रोटीन मिळतं, असं तिच्या लहानशा कंपनीचं म्हणणं. "आजी, बाकीचे लोक 'छान आहे' लिहून मोकळे होतात," ती फोनवर म्हणाली होती. "तू पंधरा दिवस खा आणि वाटेल ते लिही. तुझ्यासारखं कोणी लिहीत नाही." अंजनीबाई मटणाच्या वाटेला कधी गेल्या नव्हत्या, अंड्यापर्यंत त्यांची मजल. पण डॉक्टरने प्रोटीन वाढवा म्हटलं होतं, आणि नातीने कौतुक केलं होतं. दोन्ही कारणं त्यांनी डायरीत लिहिली, दुसरं आधी.

बुधवारी पार्सल उघडलं. वास भाजलेल्या दाण्यांसारखा होता. स्वयंपाकाला बेबी होती. डिंडोरीकडच्या जंगलपट्टीतली बाई. सत्तावीस वर्षं या घरात काम करून अर्धी हिंदी, अर्धी मराठी बोलायची.

"थालीपिठाच्या पिठात एक चमचा टाक."

"क्या है अम्मा?"

"रातकिडे. दळलेले."

बेबीचा हात परातीत थांबला. "अच्छा," ती म्हणाली. "अब आप भी खाओगी."

"म्हणजे? आणखी कोण खातं?"

"कुछ नहीं."

थालीपीठ बरं झालं. बेबीने आपलं ताट उचललं आणि नेहमीसारखी मागच्या पायरीवर जाऊन बसली. तिला तिथली हवा आवडते, असं अंजनीबाई आजवर समजत होत्या. आज मात्र तिचं बोलणं दाताखाली खडा यावा तसं लागलं.

दुपारी त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि बेबी आली तेव्हापासूनच्या डायऱ्या काढल्या. १९९९च्या डायरीत सापडलं.

"२२ एप्रिल, गुरुवार. पारा ४१. बेबीने जेवायला लाल मुंग्यांची चटणी आणली, तीही माझ्या स्टीलच्या डब्यात! शी. फेकायला लावली. डबा तिलाच देऊन टाकला, घरात नको. पडद्यांना इस्त्री."

दोन दिवसांनी: "बेबी कामावर आली. आता मागच्या पायरीवर बसून जेवते. बरं झालं."

अंजनीबाई बराच वेळ त्या शेवटच्या दोन शब्दांकडे पाहत राहिल्या. पेन हातात होतं. पण खोडायचं नव्हतं.

संध्याकाळी आर्याचा फोन आला. "आजी, चव कशी?"

"चव नंतर. मला आधी एक काम आहे."

काम सोपं नव्हतं. माफी मागितली तर बेबी "जाऊ द्या अम्मा" म्हणेल, आणि उद्या पुन्हा ताट घेऊन पायरीवरच जाईल, याची त्यांना भीती होती. गुरुवारी सकाळी त्या डायरी घेऊनच स्वयंपाकघरात गेल्या आणि सगळं वाचून दाखवलं, 'शी'सकट, 'बरं झालं'सकट.

बेबी लसूण सोलत होती. "मालूम है अम्मा. हम वहीं तो थे."

"चुकलं माझं, बेबी."

"इतके बरस झाले. आता काहून सांगून राहिल्या?"

"पुण्याहून किडे आले तर मी चमच्याने मोजून खाऊन राहिले, म्हणून."

"पुण्याचा किडा पढ़ा-लिखा असेल," बेबी म्हणाली.

अंजनीबाईंना हसू आलं, पण हसावं की नाही ते कळेना. बेबीच आधी हसली. मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "माँने बनवली होती ती चटणी. तुमच्यासाठीच होती, म्हणून तुमच्या डब्यात आणली."

अंजनीबाईंनी डायरी मिटली. त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "होळीला गावी चालली ना? येताना घेऊन ये."

"खाओगी?"

"खाईन. नाही आवडली तर तसं लिहीन."

"लिहो, लिहो. तुमचं तेच काम."

सोमवारी बेबी परतली. तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. घासून घासून तो गुळगुळीत झाला होता, तरी झाकणावर कोरलेलं 'दि. म. देवपुजारी, १९७४' वाचता येत होतं. अंजनीबाईंनी भाकरीच्या तुकड्यावर चटणी घेतली. लिंबाहून आंबट! डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दुसरा घास घेतला.

बेबीने पुण्याच्या पुडीची चिमूट जिभेवर ठेवून नाक मुरडलं. "यात तो जानच नाही. खटाई पाहिजे, लसूण पाहिजे." तिने चिंच, हिरवी मिरची आणि पूड पाट्यावर वाटली, आणि दोन ताटं वाढली. आपलं ताट घेऊन ती दाराकडे वळली, तर टेबलाशी दुसरी खुर्ची ओढून ठेवलेली.

"तिथे हवा येते अम्मा."

"मग पंखा लावते."

अंजनीबाईंनी उठून पंखा लावला. बेबी क्षणभर उभी राहिली. मग बसली.

१७ मार्च, सोमवार. पूड, दिवस सहावा. स्वतःची चव नाही. बेबीने चटणी केली ती उत्तम. पुढचं आर्याने बेबीलाच विचारावं, तसं फोनवर सांगितलं. मुंग्यांची चटणी फार आंबट, आवडली. बेबीचा डबा धुऊन, आत होळीच्या खव्याच्या आठ गुजिया घालून परत दिला. झाकण जरा घट्ट बसतं.