उजवीकडच्या तीन दांड्या

येलहंक्यातल्या त्या सोसायटीत मराठी घरं पाच, पण कान एकच, तो देवाप्पांचा. मूळचे निपाणीचे देवाप्पा टेलिफोनच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाले होते. आवाजातलं आपल्याला कळतं तेवढं ब्रह्मदेवालाही कळत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. बैठकीच्या खोलीत कमरेएवढे दोन स्पीकर आणि मधोमध दहा सरकत्या दांड्यांचा इक्वलायझर. डावीकडच्या दांड्यांनी जड आवाज कमीजास्त होई, उजवीकडच्यांनी बारीक. त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्यांची बायको वासंतीबाई तर वरची धूळसुद्धा फुंकूनच काढत.

दर रविवारी सकाळी पाची घरं तिथं जुन्या भजनांच्या रेकॉर्डी ऐकायला जमत. वासंतीबाई सगळ्यांना उप्पीट देत आणि गाणं लागलं की स्वयंपाकघरात जात. हिला गाण्यातलं काही कळत नाही, असं देवाप्पा हसून सांगत आणि एखादी दांडी केसभर वर सारत.

मग वरच्या मजल्यावर पुण्याचा गिरीराज राहायला आला. महादेवपुऱ्यात नोकरी, वय तिशीचं, आणि स्पीकर वीतभर उंचीचे. ते पाहून देवाप्पांना त्याची दयाच आली होती. पण महिन्याभरात रविवारची माणसं एकेक करून त्याच्याकडे गाणी ऐकायला वर जायला लागली. शेवटी उरले एकटे शेजारचे मंजुनाथ, आणि तेही पेपर वाचायला येत. उप्पीट दोन दिवस पुरायला लागलं.

देवाप्पांच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. काल मिसरूड फुटलेलं पोर, त्याला काय ठाऊक आवाज म्हणजे काय? गच्चीवर जायच्या निमित्तानं ते रविवारी उगाच वरचा जिना चढत आणि गिरीराजच्या दाराबाहेरच्या चपला मोजत. एकदा नऊ जोड होते, एकदा अकरा. पुढच्या रविवारी बाराव्या जोडापाशी त्यांचा पाय अडखळला. अंगठा शिवलेल्या त्या चपला वासंतीबाईंच्या होत्या.

तळपायाची आग मस्तकाला गेली. दारातून डोकावले, तर घरचं गाणं लागलं की आत पळणारी बायको परक्याच्या घरी गाणं ऐकायला बसली होती, तीही पहिल्या रांगेत, डोळे मिटून.

देवाप्पा आत गेले, खुर्चीवर टेकले, आणि दोन मिनिटांत त्यांचा जीव भांड्यात पडला. आवाज अगदीच मेलेला होता. गोधडीखालून कुणी गात असावं तसा.

"झांजा कुठं गेल्या रे तुझ्या?" त्यांनी विचारलं.

गिरीराज अदबीनं म्हणाला, "काका, मी टोन कंट्रोल मधेच ठेवतो. रेकॉर्डिंग जसं आहे तसं."

ही पळवाट देवाप्पांना चांगलीच ठाऊक होती. ते उठले आणि ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण उजवीकडे टोकापर्यंत पिरगाळलं. झांजा खणखणीत वाजल्या. विजयी मुद्रेनं ते वळले, तर खोलीतल्या सगळ्यांचे हात कानांवर होते. वासंतीबाईंचा चेहरा चिंच चावल्यासारखा झाला होता. गिरीराजनं बटण जागेवर आणलं. कुणी हसलं असतं तरी परवडलं असतं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला जाब विचारला. तिनं शांतपणे सांगितलं.

"आठ वर्षं झाली. दर वर्षी तुम्ही त्या दांड्या वर सारताय. कानात दाभण घातल्यागत होतंय, म्हणून मी आत बसते."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमचा कान म्हणजे सगळ्यांना देवाचा कौल. कुणी सांगायचं तुम्हाला, की तोच थकलाय?"

देवाप्पा इक्वलायझरसमोर जाऊन उभे राहिले. उजवीकडच्या तीन दांड्या पार वर टेकल्या होत्या, आणखी सरकायला जागाच नव्हती. आवाज मंदावतोय म्हणून त्यांनी दोनदा स्पीकर बदलले होते, तीनदा वायरी. दुकानदाराशी भांडणही केलं होतं. जे बदलायला हवं होतं ते दुकानात मिळत नव्हतं.

पुढच्या रविवारी कुणीच आलं नाही. देवाप्पांनी दहाही दांड्या मधल्या रेघेवर आणल्या आणि रेकॉर्ड लावली. आवाज गोधडीखालचा. झांज तर नावालाही नाही.

पदराला हात पुसत वासंतीबाई बाहेर आल्या आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा. त्यांचं बोट गुडघ्यावर ठेका धरायला लागलं. देवाप्पा त्या बोटाकडे बघत राहिले. झांज तिथंच कुठंतरी वाजत होती, आणि वासंतीबाई एकट्याच ती ऐकत होत्या. गिरीराजचा हेवा आता त्यांच्या मनातही नव्हता. हेवा वाटत होता तो बायकोचा, डोळ्यांत पाणी यावं इतका.

तिसऱ्या कडव्यात झांज थांबते. ते त्यांना तिचं बोट थांबलं तेव्हा कळलं.