कड्यावरून आलेली हाक

माझा मोठा भाऊ ओमानमध्ये, निझवा शहराजवळ, पाण्याचा टँकर चालवायचा. एका दुपारी डोंगरातल्या कोरड्या नदीतून येताना अचानक लोंढा आला. टँकर नदीच्या खालच्या अंगाला सापडला. दादा सापडला नाही.

इकडे आमगावात वहिनीनं त्याचे दिवस करू दिले नाहीत. "पाह्यल्याबिगर कसं म्हणू, गेले म्हणून?" एवढंच म्हणायची. अशी बरीच वर्षं गेली. तिचा मुलगा मोठा होऊन मस्कतला नोकरीला लागला आणि गेल्या हिवाळ्यात, धानाची मळणी उरकल्यावर, त्यानं आम्हा दोघींना बोलावून घेतलं.

निझवा दादा फोनवर सांगायचा तसंच निघालं. मातकट भिंती, किल्ल्याचा गोल अवाढव्य बुरूज, खजुरांची दाट बाग आणि झाडांमधून पाटानं वाहणारं पाणी. वहिनीनं यातलं काही पाहिलं की नाही, कोण जाणे. बाजारात पांढऱ्या झग्यांच्या गर्दीत एखादा शर्ट-पँटवाला पाठमोरा दिसला की ती झपाझप पुढे जाऊन त्याचं तोंड पाहायची. पहिल्या दिवशी मला तिची कीव आली. दुसऱ्या दिवशी मीही पाठी न्याहाळू लागले.

भाच्यानं गाडी ठरवली होती. तिचा म्हातारा ओमानी ड्रायव्हर तोडकंमोडकं हिंदी बोलायचा. त्यानं आम्हाला त्या नदीत नेलं. नुसते पांढरे गोटे, तापलेले. वहिनी वाकून त्यांवर हात फिरवत राहिली.

"पानी किधर से आया था?" तिनं विचारलं.

"यहाँ धूप थी," म्हातारा म्हणाला. "बारिश ऊपर हुई."

"मले वर ने," वहिनी मुलाला म्हणाली.

वळणावळणाचा रस्ता चढून आम्ही ओसाड पडलेल्या एका वस्तीपाशी पोचलो. मातीची घरं, निखळलेली दारं, उतारावर डाळिंबाची निष्पर्ण झाडं. समोर खोल दरी आणि पलीकडे उभा कडा. वहिनी दरीच्या काठाशी गेली. घरच्या अंगणातून मारावी तशी तिनं हाक मारली, "अजी, चाला ना घरी!"

मग कड्यावरून उत्तर आलं, "घरी."

डोंगरात आवाज फिरून येतो, हे मला कळतं. पण तो आवाज जाड होता, पुरुषाचा. भाच्यानं माझा हात घट्ट धरला, म्हणजे त्यालाही तो तसाच ऐकू गेला होता. म्हातारा गाडीपासून चालत आला आणि हळूच म्हणाला, "दोबारा मत बुलाना."

वहिनीनं पुन्हा हाक मारली नाही. बराच वेळ उभी राहिली आणि मग आमच्या आधी गाडीत जाऊन बसली.

उतरताना मी विचारलं, "वहिनी, काऊन गप्प बसून राहिली?"

"तुम्ही ऐकलं ना, बाई," ती म्हणाली. "त्यायनं मले घरी जा म्हटलं."

परत आल्यावर दादाचे दिवस झाले. देहाऐवजी दर्भाचा पुतळा करून भाच्यानं अग्नी दिला. वहिनी शेजारी बसून होती, रडली नाही. आता ती शेतावर जाते, हसते-बोलतेही. फक्त कुणाला लांबून हाक मारत नाही. बांधाच्या दुसऱ्या टोकाला मी असले, तर चिखल तुडवत जवळ येते, खांद्याला हात लावते आणि मग बोलते.