बारा नळ्या आणि काशम्मा

जुळे सोलापुरात काशम्माच्या दारावरून कुणी उपाशी गेलं, असं कधी घडलेलं नाही. पोस्टमन असो नाहीतर गॅसवाला, हातावर कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाची चटणी पडायचीच. नको म्हणणाऱ्याचा तिला रागच यायचा. बाई अक्कलकोटकडची. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि दोन्ही मोठ्यानं.

तिची लेक शिवानी मात्र भलत्याच उद्योगात पडली होती. ती छोट्या नळ्यांत माणसांची लाळ गोळा करायची! सपाटीवरचा माणूस उंच डोंगरावर गेला, की तिथल्या विरळ हवेशी त्याचं शरीर कसं जुळवून घेतं, हे म्हणे लाळेतल्या प्रथिनांवरून कळतं. सुई टोचायला नको, रक्त काढायला नको. त्यासाठी तिनं सोलापूर जिल्ह्यातली बारा माणसं निवडली, त्यांची लाळ आधी इथं घेतली आणि सगळ्यांना लेहला घेऊन गेली. तिथल्या तिसऱ्या दिवसाची लाळ तिला सगळ्यांत मोलाची. ती हुकली, की वर्षभराची मेहनत पाण्यात.

त्या तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला काशम्मा भाकरी थापत होती, तेवढ्यात लेहहून शिवानीचा फोन आला.

“अव्वा, घात झाला गं! कुणाच्या तोंडात थेंब नाही. हवा कोरडी ठाक, जेवणावरची वासनाच उडालीय सगळ्यांची. सातच्या आत नळ्या भरायच्यात, आणि तोवर तोंडात घोटभर पाणीसुद्धा घालायचं नाही.”

“आन् खायचं नुसतं मनात आणलं तर?”

“ते चालतं. पण मनात यायला तर हवं!”

“मग फोन मोठा कर, सगळ्यांना ऐकू दे.”

काशम्मानं पिठाचे हात तसेच ठेवून डोळे मिटले. “ऐका रे लेकरांनो. ताटं वाढलीत. तव्यावरची गरम भाकरी हाय. बुक्कीनं फोडलेला कांदा. उखळात कुटलेली शेंगाची चटणी, तेल सुटलेली. आता त्यावर लिंबू पिळते. सगळं लिंबू! आन् ही कैरीची फोड, मीठ-तिखट लावलेली. चावा की!”

पलीकडं गलका उडाला. “अव्वा, पाच भरल्या!” काशम्माला चेव चढला. ती चिंचेच्या सारावर गेली, लोणच्याच्या खारावर गेली. आठ झाल्या. अकरा झाल्या!

उरला सांगोल्याचा बिरप्पा. सातला सात मिनिटं कमी.

“मावशी, मला जेवणाचं नावच नको वाटतंय,” तो रडवेला होऊन म्हणाला.

एवढी सगळी जेवली आणि हा एकटा राहिला, हे काशम्माला सोसेना. “व्हय रं, तुमच्याकडं डाळिंबाच्या बागा हायत न्हवं?”

“हायत की.”

“त्यातलं आंबटढाण, कच्चं डाळिंब, कुणाला न इचारता तोडलेलं. बांधावर बसून दातानं फोडलंयस का कधी?”

“फोडलंय की,” म्हणता म्हणता बिरप्पाचे शब्द लाळेत बुडाले. मग असा आरडाओरडा झाला, की काशम्मानं फोन कानापासून लांब धरला. बारावी नळी भरली होती.

“अव्वा,” शिवानी म्हणाली, “लाळ कशानं सुटली, ते वहीत लिहावं लागतं. काय लिहू?”

“लिही की, आईनं जेवायला बोलावलं.”