दोन गाठींची तार

नागभीडच्या बसस्टँडमागं एका टिनाच्या शेडवर ‘मनसाराम मीटर वर्क्स’ अशी पाटी आहे. त्या पाटीत एकच शब्द खोटा आहे, आणि तो पहिलाच. गेल्या अकरा वर्षांत जीपचं म्हणा, ट्रॅक्टरचं म्हणा, एकही मीटर मनसारामनं उघडलेलं नाही. त्याचे हात कापतात. चहाचा कप ओठापर्यंत जाईस्तोवर निम्मा बशीत सांडतो, तिथं केसाएवढी तार काय गुंडाळणार? ते सगळं त्याची बायको कुंता करते.

हात कापायला लागले तेव्हा तो तिला म्हणाला होता, “चार महिन्यांत बरं होते, तोवर कोणाले सांगू नको.” चार महिन्यांची अकरा वर्षं झाली. कुंता आधी मायेपोटी गप्प राहिली, मग सवयीनं. पण गप्प राहिलेल्या माणसाचा राग कुठं जात नाही, साठत जातो. गिऱ्हाईक यायचं, तिच्या हातातलं काम बघायचं आणि विचारायचं, “भाऊ कुठी गेले? भाऊलेच दाखवाचं होतं.” ती दातओठ खात सांगायची, “येतीनच.”

यंदा राईस मिलवाल्या रामाजींनी वडिलांची जुनी गाडी बाहेर काढली. गोल पाठीची, लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात ती. वीस वर्षं गोदामात पडून होती. नातीची, नंदिनीची, पाठवणी त्याच गाडीतून करायची असा म्हाताऱ्या रामाजींचा हट्ट. इंजिन चंद्रपूरच्या मिस्त्रीनं सुरू करून दिलं, पण डॅशबोर्ड मेलेला. टाकी कोरडी असली तरी पेट्रोलचा काटा भरलेली दाखवी आणि स्पीडचा काटा चाळीसवर चिकटून बसलेला. सगळी मीटरं काढून दुरुस्त करणं भाग होतं. रामाजी म्हणाले, “हात लावन तं मनसारामच.”

म्हणून नवराबायको दोघं रामाजींच्या घरी गेले. अंगणात दोन खुर्च्या टाकलेल्या होत्या, एक रामाजींची, एक मनसारामची. कुंतेला कोणी बस म्हटलं नाही. तिला बसायचं नव्हतंच म्हणा. ती पदर खोचून गाडीत उताणी झाली आणि डोकं डॅशबोर्डखाली घातलं.

डॅशबोर्डच्या मागं हात शिरतो, डोळा शिरत नाही. कोणती तार कुठून सुटली हे लक्षात राहावं म्हणून शहरातले मिस्त्री रंगीत टेप लावतात, फोटो काढतात. कुंता दोरा बांधून गाठी मारते. ढिवराची लेक ती. तिच्या माहेरी एकाच तलावात दहा घरांची जाळी पडत, आणि पाण्याखाली कोणतं जाळं कोणाचं हे दोरीवरच्या गाठी चाचपून ओळखत. तिच्या बापाच्या तीन गाठी. तीच रीत तिनं तारांना लावली होती. एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. कोणत्या गाडीत कोणत्या तारेला किती, हे तिचं तिलाच ठाऊक.

टेम्परेचरच्या मीटरपाशी जरा अडलं. त्याच्या मागून एक बारीक तांब्याची नळी थेट इंजिनात गेलेली असते. रामाजींचा ड्रायव्हर सोमाजी पक्कड घेऊन पुढं झाला. “हे नळी कापून टाका ना. काऊन वेळ घालवता?”

“कापू नका,” कुंता खालून म्हणाली. “आतमंदी वायू भरला रायते. नळी कापली का मीटर मेलं. इंजिनकडून सोडवा अना अख्खी इकडं ओढा.”

रामाजींनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. “बाई काय म्हणून राह्यली, मनसाराम?”

मनसारामनं घसा खाकरला. “नळी कापाची नाई, भाऊ. आतमंदी वायू रायते.”

“पाह्य सोमाजी, याले म्हणतेत कारागीर.”

कुंता खाली पडल्या पडल्या ऐकत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोटं कामात होती, म्हणून तोंड बंद राहिलं.

दुपारपर्यंत चारही मीटरं दुपट्ट्यावर मांडून झाली. चहा आला. दोघांचा पिऊन झाला तेव्हा रामाजी म्हणाले, “बाई, कप उचलून आत दे.” तिनं ग्रीस लागलेल्या हातांनी कप उचलले. परत येते तर रामाजी मनसारामच्या खांद्यावर शाल घालत होते. हातात नारळ देत म्हणाले, “घरची बाई संगं येते, मदत होत असन तुले.”

आणि मनसाराम हसून म्हणाला, “हिले काय समजते, भाऊ. टॉर्च धरते फक्त.”

टॉर्च! तो तर पिशवीतच होता. अख्खी सकाळ एकदाही पेटला नव्हता. रामाजींना माहीत नव्हतं हे समजू शकतं. पण ज्याला माहीत होतं त्यानंच हे म्हणावं?

दोघं घरी आले. दार लागल्यावर ती म्हणाली, “काऊन म्हटलं तसं?”

“लोकाईपुढं काय सांगू मंग? हात गेले म्हणू?”

“तेच म्हणा.”

“बाईच्या हाती कोण गाडी देईन?”

“अकरा वर्षं देऊन राह्यलेच ना.”

त्यावर तो शाल घडी करत बसला. तीही नीट घडी होईना त्याच्यानं. एरवी तिनं हातातून घेऊन घडी केली असती. त्या दिवशी नाही केली.

कामावर मात्र तिनं राग काढला नाही, मीटरांनी तिचं काय बिघडवलं होतं? जळालेली तार नवी गुंडाळली, काटे मोकळे केले, पिवळ्या काचा लख्ख केल्या. आठव्या दिवशी मीटरं फडक्यात बांधून नवऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “जा, बसवून या. मी येत नाई. टॉर्च धराले सोमाजी आहे तिथी.”

त्याला वाटलं, दारापर्यंत येईल. ती आली नाही. रामाजींची गाडी त्याला घेऊन गेली.

दहाच्या सुमारास फोन आला. मनसारामचा आवाज दबका होता. “कुंते, दोन गाठीची तार कोणची?”

“ज्यानं काढली त्याले विचारा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुकानात एका ट्रॅक्टरचं मीटर उघडं पडलं होतं. तिनं ते हाती घेतलं, पण स्क्रू दोनदा निसटला. तीन दिवसांवर लग्न होतं. चुकीची तार लागली तर मागची सगळी वायरिंग जळेल, गाडीत पोरगी बसलेली असेल, हेही तिला कळत होतं. म्हणून तर राग आणखीच चढत होता. तार सांगितली तरी नाव पुन्हा त्याचंच होणार; या माणसानं तिला चांगुलपणाचीसुद्धा सोय ठेवली नव्हती.

पुन्हा फोन वाजला. “कुंते, भाऊ थांबून आहेत. सांग ना.”

“स्पीकर लावा.”

“कशाले?”

“लावा. अना आता भाऊले सांगा, मीटर कोणं काढले.”

 फोन कशावर तरी टकटक आपटत होता. त्याचा हात असणार.

“हिनंच काढले, भाऊ,” तो म्हणाला. “अकरा वर्षांपासून हेच करते. माये हात चालत नाई.”

“मंग इतके दिवस तू काय करत होता?” रामाजींनी विचारलं.

“चहा पेत होतो, भाऊ.”

अर्ध्या तासानं गाडी तिला न्यायला आली. अंगणात आज तीन खुर्च्या होत्या. तिसरीकडं तिनं बघितलं नाही. राग गेला नव्हता. दोन-चार शब्दांनी अकरा वर्षं भरून येत नाहीत, आणि तिला ती भरून आल्याचं नाटकही करायचं नव्हतं. तिनं पिशवीतला टॉर्च काढून नवऱ्याच्या हातात दिला. “धरा.”

ती आत उताणी झाली. वर उजेड थरथरत इकडून तिकडं पळत होता. रामाजी खुर्चीतून उठून वाकून बघत होते. मनसारामनं दुसऱ्या हातानं मनगट दाबून धरलं, तरी उजेड ठरेना.

“हालून राह्यला, कुंते,” तो म्हणाला.

तिनं डोळे मिटले होते. बोटांना दोन गाठी लागल्या, तार जागेवर बसली.

“हालू द्या,” ती म्हणाली. “मले त्याचं कधी कामच नोतं.”