दुपारी दोनची हजेरी

दिवाळीच्या सुट्टीआधी, बारावीच्या वर्गात मी फळ्यावर गणित सोडवत होते आणि शेवटच्या बाकावर दोन मुली कुजबुजत होत्या. मागे जाऊन उभी राहिले तर एक दुसरीला सांगत होती, "तो गेम? तो आमच्या काकूच्या कॉलेजच्या वेळचा हाये. आता कोण खेळत असंल? म्हातारेच."

ज्या खेळाचं नाव तिने घेतलं, तो मी तीन वर्षं खेळले होते. आणि मी सदतीस वर्षांची आहे. मी तिला उभं केलं, विकलनाचं एक सूत्र विचारलं. तिने ते बिनचूक सांगितलं. त्यामुळे मला रागवायलाही काही उरलं नाही.

सुट्टी लागली. नवरा सकाळच्या गाडीने बदनापूरहून जालन्याला कामावर जातो तो संध्याकाळीच येतो. सासूबाई जेवणं झाली की आडव्या होतात. तिसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका तपासून संपल्या, लॅपटॉप समोर होता, आणि ते 'म्हातारेच' डोक्यातून जात नव्हतं. मी खेळाचं पान उघडलं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एक भलं मोठं काल्पनिक जग असतं, डोंगर, गावं, जंगलं असलेलं. त्यात आपण एक पात्र घेऊन हिंडायचं. जगभरचे हजारो लोक त्याच वेळी तिथे हिंडत असतात. छोटी कामं एकट्याने होतात, पण मोठा राक्षस मारायचा तर आठ-दहा जण लागतात. म्हणून लोक कायमची टोळी बांधतात, तिला गिल्ड म्हणतात. एम.एस्सी.ला औरंगाबादला, म्हणजे तेव्हा औरंगाबादच म्हणायचे, हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही चौघी होतो. आमची गिल्ड होती. मेसच्या जेवणावरून तिचं नाव ठेवलं होतं, पातळ वरण.

पासवर्ड आठवला नाही. कॉलेजचा ईमेल कधीच बंद पडला होता. उरला जुना मोबाइल नंबर. लग्नानंतर मी तो सोडून दिला होता, आणि खेळ मला सांगत होता की त्याच नंबरवर सहा आकडे पाठवले आहेत.

मी माझ्याच जुन्या नंबरवर फोन लावला. तो आता आष्टीच्या एका शेतकऱ्याकडे होता.

"कोन?"

"दादा, हा नंबर आधी माझा होता. तुम्हाला आत्ता एक मेसेज आला असेल, त्यात सहा आकडे आहेत..."

"ओटीपी?" त्यांचा आवाज एकदम बदलला. "ताई, ब्यांकेच्या साहेबानं गावात मेळावा घेतल्ता. सख्ख्या भावाला बी ओटीपी द्यायचा न्हाई. ठेवा फोन."

बरोबरच होतं त्यांचं. मी स्वतः वर्गात मुलांना हेच सांगते. पण त्या क्षणी त्या मेळाव्याच्या साहेबाचा मला भयंकर राग आला. पुन्हा लावला.

"दादा, बँकेचं काही नाही. एक गेम आहे."

"गेम?"

"हो."

"वय काय तुमचं?"

"सदतीस."

मग ते फोन बाजूला धरून कोणाला तरी म्हणाले, "ही बाई गेम खेळायचा म्हणून राह्यली. तूच बोल. मी कापूस वेचू का हिच्याशी बोलत बसू?"

फोन त्यांच्या बायकोकडे गेला. ओटीपीचं नाव न काढता तिने विचारलं, "तुम्ही कुनाच्या?" मी सांगितलं, माहेर केदारखेडा. तिची मावशी भोकरदनला दिलेली निघाली. मग मावशीचं घर कुठे, आमचं घर कुठे, आमच्या शेतावरून जाणारा रस्ता तोच का, हे सगळं झालं. माझ्या आजोबांच्या दोन बैलजोड्या तिने ऐकून माहीत असल्यासारख्या मान्य केल्या. शेवटी म्हणाली, "ह्या मेसेजात ब्यांकेचं नाव तर न्हाई दिसत. लिहून घ्या."

मी आकडे टाकले. मुदत संपली होती. दहा मिनिटांची मुदत होती आणि आम्ही मावशीकडेच वीस मिनिटं होतो.

दुसरा मागवला. तिने सहाच्या जागी नऊ वाचला. तिसरा मागवला, तेव्हा घाईत मीच चूक केली. त्यावर खेळाने जाहीर केलं की संशयास्पद हालचालीमुळे हे खातं चोवीस तास बंद ठेवण्यात येत आहे. मी लॅपटॉपवर इतक्या जोरात ओरडले की आतून सासूबाई म्हणाल्या, "काय झालं? पाल पडली का?"

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी पुन्हा आकडे मागवले, तर तिनेच फोन केला. "ताई, आला बघा तुमचा. जल्दी लिहा." या वेळी जमलं. तिने विचारलं, "आता काय होईल?" मी म्हणाले, "आता खेळ उघडेल." ती म्हणाली, "मंग खेळा," आणि कापसाकडे गेली.

माझं पात्र बारा वर्षांपूर्वी जिथे सोडलं होतं तिथेच, एका गावच्या विहिरीजवळ उभं होतं. गाव मात्र तेच नव्हतं. बाजार हलला होता, माझी निम्मी मंत्रविद्या रद्द झाली होती, आणि उरलेली कुठल्या बटणावर आहे ते कळत नव्हतं. माझं पात्र वैद्याचं, म्हणजे लढणाऱ्यांच्या जखमा भरायचं. झोळीत चाळीस प्रकारचं गवत होतं. ते कशासाठी जमवलं होतं, देव जाणे.

मी गिल्डची यादी उघडली. चार नावं. तीन राखाडी. एक सात वर्षांपूर्वी शेवटची आली होती, दुसरी नऊ, तिसरी अकरा. खाली लिहिलं होतं की पुढारी बराच काळ न आल्याने नियमानुसार पुढारीपण आता माझ्याकडे आहे. म्हणजे मी एका रिकाम्या खोलीची मॉनिटर होते.

त्यातल्या पुण्याच्या मैत्रिणीला मी फोन केला. ती किंचाळलीच. "अगं, ते अजून चालू आहे? थांब, मी येतेच! रविवारी बसू. बाकीच्या दोघींनाही सांगते." दहा मिनिटं आम्ही पातळ वरणाच्या आठवणी काढून हसलो. रविवारी मी दीड तास विहिरीजवळ उभी राहिले. संध्याकाळी तिचा मेसेज आला की घरी पाहुणे होते, पुढच्या रविवारी नक्की. पुढच्या रविवारी मेसेजही नाही. उरलेल्या दोघींपैकी एकीने फक्त हसरा चेहरा पाठवला. मला तो चेहरा पुसून टाकावासा वाटला.

आठवडाभर मी एकटी हिंडले. वैद्याचं पात्र एकटं हिंडलं की फार दयनीय दिसतं. जखमा भरायला कोणी नसतं आणि मारायला हात चालत नाही. एका रानडुकराने मला चार वेळा लोळवलं. पाचव्या वेळी पडले तेव्हा कोणीतरी येऊन ते डुक्कर एका फटक्यात मारलं आणि समोर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं. वैद्य आहे का. एकटी का फिरते. आमच्याकडे वैद्य नाही. दुपारी दोन ते चार. माइक पाहिजे.

वेळ सोयीची होती. मी होकार दिला. पण नव्या गिल्डमध्ये जायचं तर जुनी मोडावी लागते. पुढारी मीच, त्यामुळे सोडून जाता येत नव्हतं, बंदच करावी लागणार होती. खेळाने विचारलं, खात्री आहे? मग म्हणाला, खात्रीसाठी गिल्डचं पूर्ण नाव टाइप करा. एवढ्या तेवढ्यासाठी माणसाला किती छळावं. मी 'पातळ' लिहिलं आणि थांबले. आत जाऊन पाणी प्यायले. परत येऊन 'वरण' लिहिलं. यादी गेली. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मला माझाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजून सात मिनिटांनी मी कानाला हेडफोन लावला. एका वयस्क बाईंचा आवाज आला.

"वैद्य आली का? दोन सांगितले होते ना बेटा?"

"सासूबाईंचं जेवण..."

"सासू मला पण होती. बराबर दोनला यायचं. आज बाहेर बस, बघ, शिक."

या आमच्या पुढारी. जालन्यात कापडाचं दुकान असलेल्या जुन्या मारवाडी घरातल्या, वय बासष्ट. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर पलंगावर होत्या, तेव्हा सुनेने हा खेळ लावून दिला. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, घरातले पुरुष जेवून झोपतात, ते दोन तास त्यांचे. त्यांच्या हाताखाली आठ माणसं होती. त्यातले परतूरचे एक डॉक्टर दवाखाना बंद असतो त्या वेळात यायचे. खेळात त्यांनी कुऱ्हाडवाल्याचं पात्र घेतलं होतं. मी विचारलं, "तुम्ही वैद्य का नाही झालात?" ते म्हणाले, "मॅडम, दिवसभर तेच करून राह्यलो. इथं तरी मारू द्या."

आमच्यासमोर एक अवाढव्य विंचू होता. तो गिल्डला दोन महिने हरवत होता. दर सात सेकंदांनी त्याची नांगी खाली यायची, तेवढ्यात सगळ्यांनी डावीकडे सरकायचं. ऐकायला सोपं आहे. मला लढाईत घेतलं त्या पहिल्याच दिवशी मी तीन वेळा मेले.

"बेटा, तू काम काय करते?"

"गणित शिकवते."

"मंग सातपर्यंत मोजता येत न्हाई का?"

आठही जण हसले. वर्गात मी ज्या आवाजात पोरांना झापते तो नेमका आवाज माझ्या कानात शिरत होता, आणि उत्तर द्यायची सोय नव्हती. मी चिडून मोजायला लागले. मोजताना जखमा भरायच्या राहून गेल्या आणि डॉक्टर मेले. जखमा भरल्या तर मोजणं चुकलं. आणि ज्या दिवशी दोन्ही जमलं, त्या दिवशी डॉक्टर ऐन लढाईत म्हणाले, "एक मिनिट, पेशंट आला," आणि त्यांचं पात्र कुऱ्हाड घेऊन पुतळ्यासारखं उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे लाईट गेली. तिसऱ्या दिवशी पुढारीणबाईंच्याच मागे कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या आणि त्यांनी किती मोजलं ते त्या विसरल्या. त्याबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही.

रोज चारला मी लॅपटॉप आपटून बंद करायचे. नवरा एकदा लवकर आला, माझा चेहरा बघून म्हणाला, "एवढा वैताग येतो तर सोडून दे ना." मी म्हणाले, "आणि त्यांच्या जखमा कोण भरणार?" तो चहा ठेवायला गेला.

सुट्टीचे चार दिवस उरले असताना विंचू मेला. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. डॉक्टर आधीच पडले होते, मग बाकीचे सातही पडले. मी आणि बाई अशा दोघीच उभ्या होतो. त्या तलवार मारत होत्या आणि मी फक्त त्यांना जिवंत ठेवत होते. माझ्या नकळत मी मोठ्याने मोजत होते, त्याही माझ्याबरोबर मोजत होत्या. पाच, सहा, सात, सरक. पाच, सहा, सात, सरक. विंचू कोसळला तेव्हा आम्ही दोघी अजून मोजतच होतो. मग कानात एकदम आठ जणांचा गलका झाला. डॉक्टर शिट्ट्या मारत होते. बाई म्हणाल्या, "शाबास मास्तरीण." सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "कोण पास झालं?" त्यांनी विचारलं. "मी," मी म्हणाले.

कॉलेज सुरू झालं. दोन ते चार मला तास असतात. मी बाईंना म्हणाले, वेळ बदलून पाचची करा. त्या म्हणाल्या, पाचला दुकानात गर्दी असते, बिलकुल जमणार न्हाई. मी म्हणाले, मग मी सोडते. त्या म्हणाल्या, सोडू नको, रविवारी ये. यात मोठी सवलत दिल्याचा सूर होता. मला तो सूर आवडला नाही, पण मी रविवारी जाते.

गेल्या आठवड्यात मी त्यांना आधीच सांगून ठेवलं, "या रविवारी जमणार नाही. लग्न आहे."

"कोणाचं?"

"नणंदेचं."

"सख्खी?"

"चुलत."

"मुहूर्त किती वाजताचा?"

"साडेअकराचा."

"मंग पहिल्या पंगतीत जेव आणि ये. बराबर दोनला."

चुलत असली तरी नणंद आहे, असं चालत नाही, मला पण घरदार आहे, असं मी त्यांना चांगलं पाच मिनिटं सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि "दोन" एवढंच म्हणाल्या. लग्न परतूर रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होतं. अक्षता पडल्या तशी मी ताटाच्या रांगेत पहिली उभी होते, आणि मागून सासूबाई विचारत होत्या की एवढी कसली घाई लागलीय.