खेडवळ म्हणून दिलेली शिवी

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. पाऊस दगा देऊन गेला होता, म्हणून लोह्याकडचं गाव सोडून माय लातूरला माझ्याकडे आली आणि दुष्काळी कामावर लागली. रस्ता रुंद करायचा होता. बाया डोक्यावरून खडीच्या पाट्या वाहायच्या. मी कॉलेजात शिकत होते. दुपारी तिला भाकरी घेऊन जायचे.

एकदा ती पाटी घेऊन रस्ता ओलांडत असताना एका नव्या साहेबाची जीप करकचून थांबली. साहेब उतरला, सोबतच्या माणसाकडे बघून हसत म्हणाला, "जेवॉकर." मग मायला दरडावलं, मी परत येईपर्यंत इथंच उभी राहा, पाटी उतरवायची नाही. तो समोरच्या कचेरीत गेला. मुकादम मान खाली घालून बसला. मी पाटीला हात लावला तर मायनं डोळ्यानंच नको म्हटलं. तो चहा पिऊन आला तेव्हा तिची मान थरथरत होती.

मी इंग्रजीच्या सरांना त्या शब्दाचा अर्थ विचारला. सर म्हणाले, बेफिकीरपणे रस्ता ओलांडणारा. पण मूळ अमेरिकेतलं. तिकडच्या बोलीत 'जे' म्हणजे खेडवळ, बावळट. शहरात येऊन आ वासून चालणाऱ्या गावाकडच्या माणसाला हिणवायला निघालेला शब्द.

मी मायला ते सांगितलं.

"म्हंजी खेड्यातली म्हनून शिवी?"

"हाव."

दुसऱ्या दिवशी ती सगळ्या बायांशी कुजबुजताना दिसली.

साहेबाची जीप आली तशी माय पाटी घेऊन रस्त्यात उतरली, तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. खडी टाकून त्या वळायच्या आणि पुन्हा ओलांडायच्या. कुणी मधेच थांबून पदर खोचायची, कुणी चुंबळ नीट करायची. हॉर्न वाजून वाजून थकला. साहेब घामानं निथळत उतरला आणि मुकादमावर ओरडला. मुकादमानं हात जोडले.

माय साहेबासमोर थांबली. "सायेब, सरकारी काम चालू हाय. उभं राहा."

मी झाडाखाली उभी राहून त्याचं लाल झालेलं तोंड पोटभर बघून घेतलं.

त्याबद्दल साहेबानं मायला लांबच्या खदानीवर धाडलं. चालून चालून तिच्या टाचा फुटल्या. मी तेल चोळायला बसले की ती मला त्या दुपारचं पुन्हा सांगायला लावायची. घाम आला होता का, विचारायची. मी दर वेळी थोडा वाढवूनच सांगायचे.